बुकशेल्फ स्पीकरसाठी जुना ॲम्प्लिफायर निवडताना

स्वस्तातले बुकशेल्फ स्पीकर घेतले की पुढचा प्रश्न ॲम्पचा. नवा घ्यायला गेलं तर तो स्पीकरपेक्षा महाग पडतो, म्हणून बरेच जण जुन्याकडे वळतात आणि ते योग्यच आहे. चूक होते ती वॉटचे आकडे बघून निवडण्यात. ठाण्यातल्या किंवा खारघरच्या फ्लॅटमधल्या हॉलला जेवढी ताकद लागते, तेवढी कुठल्याही बऱ्या कंपनीचा स्टिरिओ ॲम्प देतो. पारखायची असते ती त्या सेटची आजची अवस्था.

तरीही ताकदीचा हिशेब एकदा समजून घ्या, म्हणजे विकणाऱ्याच्या आकड्यांना भुलणार नाही. स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी दिलेली असते. साधारण १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. व्हार्फडेल डायमंड ९.१ चा ८६, सोनी एसएस-सीएस५ चा ८७, डाली स्पेक्टर २ चा ८८. तिन्ही ६ ओहमचे (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध). आवाज ३ डेसिबलने वाढवायला दुप्पट वॉट लागतात, १० डेसिबलने वाढवायला दहापट.

समजा स्पीकर ८६ डेसिबलचा आहे आणि तुम्ही अडीच मीटरवर बसता. अंतरामुळे सुमारे ८ डेसिबल जातात, पण दुसरा स्पीकर आणि खोलीच्या भिंती मिळून ५ च्या आसपास परत देतात. म्हणजे १ वॉटला साधारण ८३. घरातलं रोजचं ऐकणं सरासरी ७३ डेसिबल धरलं, तर त्याला वॉटचा दहावा भाग पुरतो. तबल्याची थाप सरासरीच्या २० डेसिबल वर उसळली तर त्या क्षणी १० वॉट लागतील. आवाज आणखी ६ डेसिबल चढवला तर ४०. म्हणून ८ ओहमला खरे ३० ते ५० वॉट देणारा ॲम्प या कामाला भरपूर झाला. मरँट्झ पीएम५००५ किंवा नॅड सी ३१६बीईई हे ४० वॉटचे, यामाहा ए-एस३०१ हा ६० वॉटचा. यातला जो चांगल्या अवस्थेत मिळेल तो घ्यावा, ४० की ६० यावर घोळ घालू नये. दोघांत फरक दोन डेसिबलचासुद्धा नाही.

‘खरे’ वॉट म्हणजे आरएमएस, सेट सतत देऊ शकतो ती ताकद. ‘पीएमपीओ’ हा जाहिरातीसाठी फुगवलेला आकडा, तो वाचूच नका. स्थानिक असेंबल केलेल्या कित्येक खोक्यांत ४४४० नावाची ॲम्पची आयसी (चिप) असते. ती दोन चॅनेलला प्रत्येकी ६ वॉटच्या आसपास देते, आणि बाहेर स्टिकर शेकड्यांतला असतो. असा ॲम्प जोरात वाजवला की क्लिपिंग सुरू होतं, म्हणजे लहरींचे माथे कापले जातात, आणि स्पीकरमधला बारीक सुरांचा भाग, म्हणजे ट्वीटर, जळू शकतो. वजन हा चांगला अंदाज आहे. मोठा ट्रान्सफॉर्मर असलेला ४० वॉटचा जुना सेट सहसा ५ ते ७ किलो भरतो.

मागच्या पॅनलवर दोन गोष्टी वाचा. पहिली, स्पीकरचे ओहम. बहुतेक बजेट स्पीकर ६ ओहमचे असल्याने पॅनलवर ‘४ ते १६’ किंवा ‘६ ते १६’ असायला हवं. ‘८ ते १६’ असेल तर मोठ्या आवाजात सेट तापू शकतो आणि प्रोटेक्शन पडू शकतं, म्हणजे सेट स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो. स्पीकरच्या ए आणि बी दोन्ही जोड्या एकदम लावल्या तर बहुतेक सेटमध्ये ओहम निम्मे होतात, हेही ध्यानात असू द्या.

दुसरी गोष्ट व्होल्टेज, आणि ही खरी महागात पडणारी. जपानमधून आलेला सेट १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतून आलेला १२० चा. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो थेट लावला की फ्यूज गेला तर नशीब, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जातो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण त्याची क्षमता सेटच्या प्लेटवरच्या वॉटच्या दुप्पट तरी हवी. तो जागा खातो आणि रात्रीच्या शांततेत त्याची घरघर ऐकू येते. किमतीत मोठा फरक नसेल तर २३० चाच सेट बघा. मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल तर प्लग लावण्याआधी तो २२० किंवा २४० वर आहे ना, ते स्वतः पाहा.

आता प्रत्यक्ष तपासणी. सोबत मल्टिमीटर, टॉर्च, मोबाईलला जोडायची आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांची) केबल आणि फुकट गेला तरी हरकत नाही असा जुना स्पीकर न्या. नेहमीचे स्पीकर नेऊ नका. निदान अर्धा तास द्या. थंड सेट पाच मिनिटं कुणाचाही वाजतो.

स्पीकर न जोडता, आवाज शून्यावर ठेवून सेट चालू करा. तीन-चार सेकंदांनी रिलेचा, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा, ‘टक’ आवाज यायला हवा. आलाच नाही तर, सेटला रिले असेल तर, आत बिघाड आहे आणि प्रोटेक्शन सुटत नाही. मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून प्रत्येक चॅनेलच्या लाल आणि काळ्या टर्मिनलमध्ये मोजा. आधी २० व्होल्टच्या रेंजवर, आकडा शून्याजवळ असेल तर २०० मिलिव्होल्टवर. ३० मिलिव्होल्टपर्यंत उत्तम, ५० पर्यंत चालेल. १०० च्या वर गेला तर सेट सोडून द्या, कारण हा डीसी सरळ वूफरच्या (बासच्या मोठ्या भागाच्या) कॉइलमध्ये जातो. हेच मोजमाप सेट तापल्यावर पुन्हा घ्या. थंडपणी २० आणि तापल्यावर ९० दाखवणारा सेट आजारी आहे.

मग जुना स्पीकर जोडा. आवाज शून्यावर असतानाही हमिंग येत असेल तर पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर थकलेले असण्याची शक्यता जास्त. आवाज वाढवला की हमिंग वाढत असेल तर दोष केबलचा किंवा अर्थिंगचा असू शकतो. केबल काढून पाहा. नॉब फिरवताना खरखर होत असेल तर बहुधा धूळ आहे, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. साधा डब्ल्यूडी-४० मात्र आत मारू नका. साफ करूनही खरखर परत आली तर डीसी अडवणाऱ्या कपलिंग कंडेन्सरमधून तो गळत असेल.

हळू आवाजात एक चॅनेल गायब आणि आवाज चढवला की एकदम परत, ही रिलेच्या काळवंडलेल्या पॉइंटची खूण. जुन्या सेटमध्ये हा बिघाड नेहमीचा आहे आणि रिले बदलायला फार खर्च नाही. किंमत पाडून घ्यायला हे उत्तम कारण. उलट, एकाच चॅनेलमध्ये सतत चरचर, किंवा हीट सिंकची (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांची) एक बाजू कोमट आणि दुसरी हात न ठेववेल इतकी गरम असेल, तर तो सेट नको.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे दमट हवा. वाशी, ऐरोली, बेलापूर किंवा ठाण्याच्या खाडीकडच्या घरात दहा पावसाळे काढलेल्या सेटचे आरसीए सॉकेट हिरवट पडतात, पत्र्याचे स्क्रू गंजतात. सॉकेटमध्ये केबल हलवून आवाज तुटतो का पाहा. वरच्या जाळीतून टॉर्च मारून फुगलेले कंडेन्सर, झुरळांची घाण आणि पालीची अंडी शोधा. त्या घाणीने सर्किट बोर्डवरच्या रेघांचं तांबं खाल्लं जातं. खालच्या पत्र्यावर पाण्याची आडवी रेघ दिसली, तर तळमजल्यावर पुरात राहिलेला सेट समजून निघा.

टीव्ही जोडायचा असेल तर बहुतेक जुन्या ॲम्पना ऑप्टिकल इनपुट नसतो. वेगळा छोटा डॅक (डिजिटल आवाज ॲम्पला चालेल असा करणारी डबी) घ्या आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट ‘पीसीएम’वर ठेवा, नाहीतर बहुधा काहीच वाजणार नाही. जुना एव्ही रिसीव्हर स्वस्तात येत असेल तर तोही तपासायला हरकत नाही. एचडीएमआय बिघडल्यामुळे किंवा जुना पडल्यामुळे विकायला काढलेला रिसीव्हर नुसत्या दोन स्पीकरसाठी अजून चांगली वर्षं देऊ शकतो.

भावाबाबत आमचं मत: चालू मॉडेलच्या नव्या किमतीच्या निम्म्याहून जास्त देऊ नये, आणि ठरवलेल्या बजेटमधले दीड-दोन हजार दुरुस्तीला बाजूला ठेवावेत. सेट वाजवून पाहिल्याशिवाय यूपीआयवर टोकन पाठवू नका. रिले, कंडेन्सर, पॉट (आवाजाच्या नॉबमागचा भाग) असे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं. जाताना जुना भाग काढून सोबत न्या, कारण पॉटच्या पायांमधलं अंतर फोटोवरून जुळत नाही.

घरी आणल्यावर वर १० सेंटीमीटर तरी मोकळी जागा ठेवा, त्यावर सेटटॉप बॉक्स ठेवू नका. ५ मीटरपर्यंत दीड स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची दोन पदरी वायर पुरते. पहिल्यांदा जोडताना लाल-काळं नीट जुळवा. एका बाजूचं उलटं लागलं तर बास नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज मधोमध येत नाही.