नव्या एसएसडीवर विंडोज टाकायचंय? आधी एवढं हाताशी ठेवा

प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन बहुतेकदा अर्ध्या तासात उरकतं. अडतं ते आधी राहून गेलेल्या गोष्टींवर, आणि त्यातल्या बऱ्याचशा जुनी सिस्टिम चालू असतानाच करायच्या असतात.

पहिलं काम बॅकअप, तो बाहेरच्या डिस्कवर. दुसरं बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. विंडोज 11मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. मग बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, काही हललं की जुनी डिस्क 48 अंकी रिकव्हरी की मागत बसते. ती कागदावर उतरवून घ्या, त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून काय उपयोग? काम संपेपर्यंत बिटलॉकर सस्पेंड केलेलं बरं.

पेनड्राइव्ह किमान 8 जीबीचा आणि रिकामा हवा, कारण त्यावरचं सगळं पुसलं जातं. तो मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने किंवा रूफस या प्रोग्रॅमने बनवा. रूफस वापरत असाल तर जीपीटी (डिस्कची नवी मांडणी, जुनी ती एमबीआर) आणि यूईएफआय (बायोसचं नवं रूप) निवडा. आयएसओमधल्या (विंडोजच्या डाउनलोड केलेल्या डिस्क-प्रतिमेतल्या) फाइली हाताने कॉपी करायला जाऊ नका. अशा पेनड्राइव्हच्या फॅट32 या फॉरमॅटवर 4 जीबीहून मोठी फाइल मावत नाही, आणि मुख्य इन्स्टॉल फाइल बहुधा त्याहून मोठी असते.

त्याच पेनड्राइव्हवर दोन ड्रायव्हर टाका. एक वायफायचा, कारण विंडोज 11 सेटअपमध्येच इंटरनेट मागतं आणि नवं वायफाय कार्ड त्याला ओळखता येईलच असं नाही. दुसरा इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर. 11व्या पिढीपासूनच्या अनेक इंटेल लॅपटॉपवर व्हीएमडी, म्हणजे डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय, चालू असते. अशा वेळी डिस्क निवडायच्या पडद्यावर यादी कोरी दिसते आणि माणूस चांगल्या एसएसडीला खराब ठरवून मोकळा होतो. तिथे ‘लोड ड्रायव्हर’ दाबून फोल्डर दाखवायचं. मात्र ड्रायव्हरची झिप आधीच उघडून ठेवलेली हवी, इन्स्टॉलर झिपमध्ये डोकावत नाही. बायोसमधून व्हीएमडी बंद केलं तरी चालतं, पण मग जुन्या डिस्कवरचं विंडोज निळा पडदा दाखवू शकतं.

आता लॅपटॉप खोलायचा. स्लॉट साटाचा की एनव्हीएमईचा (एसएसडी जोडायच्या या दोन पद्धती), हे मॅन्युअलमध्ये आधीच पाहिलेलं असावं. दोन खाचांची साटा एम.2 पट्टी (एम.2 म्हणजे पट्टीच्या आकाराची एसएसडी) नुसत्या एनव्हीएमईच्या स्लॉटमध्येही छान बसते, फक्त लॅपटॉपला दिसत नाही. लांबी बहुधा 80 मिलिमीटर, पण काही लॅपटॉपमध्ये 42 किंवा 30चीच जागा असते. पट्टी धरणारा बारीक एम2 (2 मिलिमीटर जाडीचा) स्क्रू एसएसडीच्या खोक्यात बऱ्याचदा येत नाही, तो आधीच मिळवा. खालच्या झाकणाचे स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात, काढाल त्याच क्रमाने कागदावर मांडा. बॅटरीचं कनेक्टर सोडवा, पट्टी तिरकी सरकवा आणि मग खाली दाबून स्क्रू लावा.

सर्वांत महत्त्वाचं: इन्स्टॉल होईपर्यंत जुनी डिस्क काढून ठेवा. विंडोजला दुसऱ्या डिस्कवर ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइलींचा कप्पा) सापडलं तर बूटच्या फाइली ते खुशाल तिकडेच टाकतं. सगळं सुरळीत चालतं, आणि काही महिन्यांनी जुनी डिस्क काढली की नवी बूटच होत नाही.

जुनी डिस्क बोर्डवरच सोल्डर केलेली असेल, तर बायोसमधून ती बंद करता येते का पाहा. येत नसेल तर आकारावरून ओळखा: 512 जीबीची साधारण 476 दिसते, 1 टीबीची 931. नव्या डिस्कवर नुसती अनअलोकेटेड (अजून न वाटलेली) जागा असते. ती निवडून थेट ‘नेक्स्ट’ दाबा, पार्टिशन हाताने पाडत बसू नका. एमबीआरची तक्रार आली तर शिफ्ट आणि एफ10 दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि त्यात diskpart टाइप करून डिस्कपार्ट सुरू करा. तिथे ‘लिस्ट डिस्क’, ‘सिलेक्ट डिस्क’ आणि पुढे डिस्कचा नंबर, ‘क्लीन’ आणि ‘कन्व्हर्ट जीपीटी’ याच क्रमाने. ‘क्लीन’ एकदाही ‘नक्की ना?’ असं विचारत नाही, म्हणून डिस्कचा नंबर दोनदा वाचा.

विंडोजची प्रॉडक्ट की विचारली तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडा, आवृत्ती मात्र पूर्वीचीच, होम असेल तर होम. डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, डिस्क बदलल्याने जात नाही. चार्जर शेवटपर्यंत लावलेला असू द्या.

जुनी डिस्क परत जोडल्यावर बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर दोनदा दिसेल. नव्या एसएसडीचा वर घ्या.