गुऱ्हाळाचे ठसे भिंतीवर लागण्याआधी

कोल्हापूरच्या आसपासच्या गुऱ्हाळांवर केलेली माझी वुडकटची, म्हणजे लाकडी फळीवर चित्र कोरून, शाई लावून कागदावर काढलेल्या ठशांची मालिका छापून होत आली आहे. हंगाम उतरणीला लागला की ती आधी इथे दसरा चौकात शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात लागेल आणि नंतर आठवडाभर मुंबईला, काळा घोड्याजवळ. दोन्हीकडे काय न्यायचे आणि निघण्याआधी काय उरकायचे याची यादी मी करते आहे. लाकडावर काम करणारी नवी मुलेमुली हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यादीत एखादी गोष्ट घ्यायची की नाही, हे मी एकाच कसोटीवर ठरवते. समोर उभ्या राहिलेल्या माणसाला हे काम लाकडातून आणि हातातून आले आहे हे दिसेल का? ‘छान आहे, पण मूळ चित्र कुठे आहे?’ असे प्रत्येक प्रदर्शनात कुणीतरी विचारतेच. विचारणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. वुडकटमध्ये छापलेला प्रत्येक कागद मूळच असतो, हे त्याला आपण भिंतीवरच दाखवायला हवे. सगळी तयारी त्यासाठी.

पहिले काम छपाईचे, आणि त्याची तारीख उद्घाटनापासून उलटी मोजायची. तेलाची शाई पाण्यासारखी उडून वाळत नाही, ती हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जाते. म्हणून ठसे एकावर एक रचून ठेवले तर ते वाळतच नाहीत. त्यांना दोरीवर चिमटे लावून किंवा जाळीच्या रॅकवर मोकळी हवा द्यावी लागते. माझ्या या मालिकेत काळा भाग फार आहे. रात्रीचे गुऱ्हाळ, चुलवाणात चिपाड सारणारा माणूस, काहिलीवरून उठणारी वाफ, घाटा चढलेल्या, म्हणजे दाट होत आलेल्या रसावर नजर रोखून उभा असलेला गूळ करणारा गुळव्या. अशा चित्रात मी फक्त उजेड कोरून काढते, न कोरता राहतो तो अंधार. वाफ हेच या मालिकेचे सगळ्यात अवघड काम होते. शेवटी ती पटाशीने कोरलीच नाही. तारेचा ब्रश रेषांच्या दिशेने घासून लाकडाचा मऊ भाग खाली बसवला आणि वर राहिलेल्या कठीण रेषा हलक्या रोलरने शाईत घेतल्या. कागदावर जी वाफ दिसते ती त्या फळीच्या वाढीच्या रेषांची आहे. ही सोय लिनोलियममध्ये, म्हणजे लाकडाऐवजी कोरतात त्या गुळगुळीत, रेषा नसलेल्या पत्र्यासारख्या चादरीत नाही, आणि लाकडाचा हट्ट मी धरते तो यासाठीच. पण एवढी शाई बसलेला ठसा पातळ रेषांच्या ठशापेक्षा बराच उशिरा वाळतो. वरून कोरडा वाटला तरी पांढरा कागद ठेवून बोटाने दाबून पाहायचे. डाग उठला तर अजून थांबायचे, फ्रेमवाल्याकडे धाडायचा नाही.

कागद एकाच वेळी, एकाच गठ्ठ्यातला घ्यावा. जाड हातकागदाला दाबयंत्र लागते, आणि तो किंचित ओलसर केला तर शाई नीट ओढतो. मी पुष्कळसे ठसे स्टीलच्या चमच्याची पाठ घासून काढते, त्यामुळे नेपाळचा लोकता कागद मला जवळचा. झाडाच्या सालीच्या लांब तंतूंचा असल्याने तो पातळ असूनही घासताना फाटत नाही. पुण्याच्या हातकागद संस्थेचा सुती कागद मी दाबयंत्रावरच्या मोठ्या ठशांसाठी ठेवते. ही संस्था १९४० पासूनची आहे. मुंबईला गेल्यावर लोक ‘हा कागद कुठला?’ असे आवर्जून विचारतात, तेव्हा उत्तर तयार असावे.

दोन रंगांचे ठसे असतील तर ब्लॉकवरच्या, म्हणजे कोरलेल्या फळीवरच्या, कागद टेकवायच्या खाचा आधी तपासा. जपानी कारागिरांची पद्धत मी वापरते. एका कोपऱ्यात काटकोनी खाच, लांब बाजूला एक सरळ खाच, आणि कागद दरवेळी त्यातच टेकवायचा. खाचेत शाई साचली की कागद सरकतो आणि चुलवाणाचा तांबडा रंग काळ्याच्या बाहेर डोकावतो. असे ठसे सरळ बाजूला काढायचे, भिंतीवर नाहीत आणि स्वस्तात विक्रीलाही नाहीत.

वाळलेले ठसे टेबलावर पसरून एकमेकांशी ताडून पाहिल्यावरच क्रमांक घालायचे. पेन्सिलने, चित्राच्या खाली, डावीकडे ३/१५ (पंधरापैकी तिसरा) असा क्रमांक, मध्ये नाव, उजवीकडे सही. पेन नको, त्याची शाई पुढे फिकी पडते आणि पसरते. किती ठसे काढायचे ते कलाकाराने ठरवायचे, आणि मूळ ठशावर सहीबरोबर एकूण संख्या व त्याचा क्रमांक असायला हवा, हा संकेत १९६० साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय कलापरिषदेत शब्दांत मांडला गेला. पंधरा म्हटले की पंधराच. कलाकाराच्या स्वतःच्या प्रती वेगळ्या, त्यावर ए.पी. (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहायचे आणि त्याही मोजक्याच. एक वही ठेवा आणि कोणता क्रमांक कुठे गेला ते त्याच दिवशी लिहा. खरेदी करणारा आपल्या शब्दावर पैसे देत असतो, म्हणून मला ही वही फ्रेमपेक्षा महत्त्वाची वाटते.

फ्रेमवाल्याला सगळे लिहून द्या, तोंडी सांगून भागत नाही. माउंटबोर्ड, म्हणजे चित्राभोवतीचा खिडकी कापलेला पुठ्ठा, आम्लविरहित हवा, नाहीतर काही वर्षांत त्या खिडकीच्या कडेने कागदावर पिवळी रेघ उमटते. ठसा फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने टांगायचा. चारही बाजूंनी चिकटवला तर दमट हवेत कागद फुगतो आणि त्याला लाटा येतात. सेलोटेप आणि फेव्हिकॉल यांना पूर्ण बंदी. काच ठशाला टेकता कामा नये. मागची हार्डबोर्डची पाठ थेट कागदाला लागू नये, मध्ये एक चांगला बोर्ड घाला आणि पाठ नीट बंद करून घ्या, नाहीतर कसर आत शिरते. कागदाची कड हातकागदाची असेल तर माउंटखाली ती लपवू नका. पूर्ण कागद दिसेल असा तरंगता माउंट करून घ्या. लाकडाचा दाब कागदात उतरलेला दिसतो तो तिथेच.

मुंबईसाठी मी काचेऐवजी अॅक्रिलिक घेते. हलके असते आणि वाटेत फुटत नाही. फ्रेम टेम्पोने, समोरासमोर तोंडे करून, मध्ये पुठ्ठा घालून. सुटे ठसे मात्र सपाट पोर्टफोलिओत, माझ्याबरोबर महालक्ष्मी एक्सप्रेसने. गुंडाळी करून नळीत कधीच नाही, जाड शाईला भेगा पडतात.

भिंतीवर लावण्यासाठी पातळी पाहायची लेव्हल, मोजायचा फीता, खिळे, सुती हातमोजे, जास्तीचे हुक. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर. दिवा समोरून नको, काळ्या भागाच्या चकाकीत रेषा बुडतात. थोडा बाजूने आणि वरून सोडा. चित्राशेजारच्या पट्टीवर नाव, साल, ‘वुडकट’, कागद, मूळ चित्राचे माप, ठशांची संख्या आणि किंमत. किंमत फ्रेमसह की फ्रेमशिवाय तेही स्पष्ट लिहा, नाहीतर माणूस विचारायला संकोचतो आणि निघून जातो.

प्रवेशाजवळचा मजकूर एका पानात संपवा. मी त्यात ज्यांच्यामुळे या कामाकडे आले त्यांची नावे घेणार आहे. बंगालमध्ये पिकाच्या वाट्यासाठी झालेल्या तेभागा आंदोलनातल्या शेतकऱ्यांना लाकडात आणणारे सोमनाथ होर, बंगालच्या खेड्यातला उजेड बारीक रेषांत पकडणारे हरेन दास, आणि १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला युद्धावरची सात वुडकट करणाऱ्या जर्मनीच्या केथे कोलविट्झ. मुंबईत येऊन अंधेरीला राहिलेले चित्तप्रसाद लिनोकटसाठी ओळखले जातात, तरी कष्टकऱ्यांना ठाम काळ्यापांढऱ्यात कसे उभे करायचे ते मी त्यांच्याकडून शिकले. गुळव्याचे हात कोरताना हे सगळे समोर होते. ज्या गुऱ्हाळमालकांनी रात्री-अपरात्री रेखाटू दिले त्यांना कोल्हापूरच्या उद्घाटनाचे बोलावणे स्वतः जाऊन द्यायचे आहे. पत्रिका टपालाने टाकून चालणार नाही.

दालनात एक टेबल मागून घ्या. त्यावर शाई लावलेला एक ब्लॉक, त्याच ब्लॉकची पहिली दोन-तीन प्रूफे (चाचणीचे ठसे), पटाश्या, रोलर. ब्लॉकला हात लावू द्या. उलट कोरलेली अक्षरे बोटाने चाचपली की मूळ चित्राचा प्रश्न बहुतेकदा पुढे येतच नाही. पटाश्यांना आदल्या दिवशी तेलाच्या दगडावर आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर धार लावून ठेवा. मुले हट्टाने कोरून पाहतात, आणि बोथट पटाशी घसरते, धारदार घसरत नाही. त्यांच्यासाठी लिनोचे तुकडे वेगळे ठेवा, आणि कोरताना मोकळा हात नेहमी पटाशीच्या मागे, हे पहिल्यांदा सांगा. शाई पुसायला आधी गोडेतेल आणि चिंध्या, मग साबण. बंद दालनात रॉकेलचा वास नको.

बिलबुक आणि कराचे काम सीए कडून आधीच समजून घ्या. मूळ ठशांना जीएसटीत ९७०२ हा वेगळा कोड आहे, छापील पोस्टर-कॅलेंडरचा कोड बिलावर घालू नका. विकलेला ठसा देताना सोबत एक कागद द्या. नाव, क्रमांक, कागद, शाई आणि ‘थेट उन्हात लावू नये’ एवढे त्यावर पुरे.

कोल्हापूरला रविवारी दुपारी मी टेबलावरच छपाई करणार आहे. ज्यांना स्वतः चमचा घासून एक ठसा काढायचा असेल त्यांनी जुने कपडे घालून यावे, कागद आणि शाई माझ्याकडे आहे. मुंबईला दिवसभर दालनातच असेन. सकाळी आलात तर ब्लॉक सावकाश दाखवता येतील.