करडा रंग दिला म्हणजे पी-८आय होत नाही: या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी विमानांची छोटी मॉडेलं करणारा कुणीतरी नवखा मला फोटो पाठवतो. बोईंग ७३७-८०० या प्रवासी विमानाचं किट, अंगभर करडा रंग, नौदलाची चिन्हं, आणि खाली प्रश्न: "दादा, पी-८आय कसं झालंय?" (पी-८आय म्हणजे ७३७ वरून घडवलेलं, आपल्या नौदलाचं पाणबुड्या शोधणारं विमान.) रंगकाम बहुतेक वेळा छान असतं, मुलाने जीव ओतलेला असतो. पण पंखांच्या टोकांवर प्रवासी विमानाची वर वळलेली विंगलेट्स तशीच उभी असतात, आणि मला वाईट वाटतं. वीस मिनिटं मोजमाप घेतलं असतं तर त्या मेहनतीचं चीज झालं असतं. प्रवासी विमानाच्या किटमधून लष्करी विमान करताना तेच ते घोटाळे होतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पी-८ चं धड ७३७-८०० चं आहे, पंख ७३७-९०० चे, आणि पंखांची टोकं या दोघांचीही नाहीत. ती मागे तिरकी होत निमुळती झालेली आहेत, ७६७-४००ईआर विमानासारखी. विंगलेट नसलेल्या ७३७-८०० चा पंखविस्तार ३४.३ मीटर, पी-८ चा ३७.६ मीटर. १:१४४ मापात (खऱ्या विमानाच्या १४४ पट लहान) म्हणजे प्रत्येक बाजूला साडेअकरा मिलिमीटर जास्त. एवढा फरक टेबलाच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसतो. मी विंगलेट कापून टाकतो, प्लॅस्टिकच्या शीटचे दोन त्रिकोण एकदम, एकमेकांना चिकटवून घासतो आणि मग सुटे करून टोकांना लावतो. वेगवेगळे घासले की डावं-उजवं कधीच सारखं येत नाही.

दुसरी गोष्ट, अमेरिकी पी-८ए चे फोटो समोर ठेवून आपलं विमान करू नका. आपल्या पी-८आय च्या शेपटीतून मागे एक लांब दांडा निघतो. पाणबुडीच्या लोखंडामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात जो बारीकसा फरक पडतो तो टिपणारं उपकरण त्यात असतं. अमेरिकी नौदलाने पी-८ए वर ते घेतलंच नाही. भारतीय विमानाला मागच्या बाजूला आणखी एक रडारही आहे. २०१३ च्या मे महिन्यात पहिलं पी-८आय अरक्कोणमच्या आयएनएस राजालीवर उतरलं, आणि मार्च २०२२ मध्ये गोव्यात आयएनएस हंसावर दुसरी तुकडी उभी राहिली, त्यामुळे भारतीय विमानाचे चांगले फोटो आता भरपूर मिळतात. (गोव्यात दाबोळी विमानतळावर उतरताना खिडकीतून मोबाइलने फोटो काढू नका. तो नौदलाचा तळ आहे, तिथे फोटोला मनाई आहे.)

आता खिडक्या. माझ्या मते या कामातली सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि ती कामाच्या दिवशी दिसत नाही.

प्रवासी विमानाला दोन्ही बाजूंना खिडक्यांची लांबलचक ओळ असते. पी-८ ला जवळजवळ नाहीतच. पुढच्या बाजूला निरीक्षकांसाठी मोठी गोल खिडकी आणि थोडं इकडेतिकडे. काही किटमध्ये खिडक्या डिकॅलने (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांनी) दाखवायच्या असतात, तिथे प्रश्नच मिटला. पण भोकं असली तर ती बुजवावीच लागतात. माझं पहिलं पी-८आय मी जुलैत केलं. एका संध्याकाळी ट्यूबमधल्या पुटीचे तीन थर एकावर एक दिले, दुसऱ्या दिवशी घासलं. बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत. प्रायमर, करडा रंग, डिकॅल, वार्निश, सगळं आठवड्यात पूर्ण. श्रावणात आमच्या मित्रमंडळींच्या बैठकीला ते घेऊन गेलो. आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी ते हातात घेतलं, खिडकीपाशी गेले आणि उन्हात तिरकं धरलं. बोलले काहीच नाहीत. करड्या रंगाखालून खिडक्यांची अख्खी ओळ दिसत होती, एकेक खळगा वाटीसारखा खोल गेलेला. सगळा रंग उतरवून मी ते पुन्हा केलं. त्यात महिना गेला.

कारण साधं आहे. ट्यूबमधली पुटी सॉल्व्हंट उडून सुकते, आणि जेवढं सॉल्व्हंट उडतं तेवढी पुटी आकसते. वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतलं ओलं राहतं. थर जाड असेल तर आकसणं आठवडेच्या आठवडे चालू राहतं. त्यावर हेअर ड्रायर फिरवणारे बरेच आहेत. त्यांना कळकळीने सांगतो, नका करू. त्याने पापुद्रा आणखी लवकर धरतो आणि आतलं आतच कोंडतं.

माझी आताची पद्धत अशी. धडाचे दोन भाग जोडण्याआधी आतून खिडक्यांच्या ओळीवर अर्ध्या मिलिमीटर शीटची पट्टी चिकटवतो. बाहेरून प्रत्येक भोकात फेविक्विक आणि टाल्कम पावडर कालवून टूथपिकने भरतो, पृष्ठभागापेक्षा किंचित वर येईल इतकं. फेविक्विक सुकून आकसत नाही, रासायनिक क्रियेने घट्ट होतं. मात्र ते तासा-दोन तासांत घासायला घ्या. रात्रभर ठेवलंत तर ते प्लॅस्टिकपेक्षा कडक होतं. मग पॉलिशपेपर भोवतीचं मऊ प्लॅस्टिक खातो आणि खिडकीच्या जागी उंचवटा राहतो. पेपर ४०० नंबरचा, नंतर ८००, पाण्यात भिजवून, आणि धडाच्या लांबीच्या दिशेने. त्यानंतर आठ दिवस त्याला हात लावायचा नाही. मग प्रायमरचा पातळ हात द्यायचा, खोलीतला दिवा बंद करून टॉर्च अगदी आडवा धरायचा. जिथे सावली पडेल तिथे पुन्हा भरायचं. व्हिडिओत हे दहा मिनिटांत होतं, कारण मधले आठ दिवस कापलेले असतात.

दुसरी मोठी चूक पंखांच्या जागेची. गोव्यात हंसावर १९७७ पासून ऑक्टोबर २०२३ पर्यंत आयएल-३८ ही पाणबुड्या शोधणारी सोव्हिएत विमानं होती, आणि ती करायची हौस आपल्याकडे पुष्कळांना असते, मलाही. लोक आयएल-१८ या प्रवासी विमानाचं किट आणतात, रंग बदलतात, पोटाखाली रडारचा फुगा लावतात. विमान काही केल्या ओळखीचं वाटत नाही, आणि का ते कळत नाही. कारण असं की पाणबुडी शोधायची जड सामग्री धडाच्या पुढच्या भागात आल्याने विमानाचा भार पुढे सरकला, आणि तो सांभाळायला इल्युशिनच्या अभियंत्यांनी पंखच सुमारे ३ मीटर पुढे नेले. शेपूट जागच्या जागी राहिली. त्यामुळे खऱ्या आयएल-३८ चं नाक आखूड आणि मागचा भाग लांबलचक दिसतो. १:१४४ मध्ये हा फरक २१ मिलिमीटर. पंखांच्या पुढचा तेवढा नळीचा तुकडा कापा आणि तोच पंखांच्या मागे बसवा. धड तिथे सरळ गोल असल्यामुळे तो जमतो. कापण्याआधी मास्किंग टेपचा वेढा घ्या आणि सगळी मापं नाकाच्या टोकापासूनच घ्या. एक माप नाकापासून, दुसरं शेपटीपासून घेतलं की दीड-दोन मिलिमीटर हमखास हरवतात.

अमेरिकेचं पाणबुड्या शोधणारं पी-३ ओरायन लॉकहीड इलेक्ट्रा या प्रवासी विमानावरून आलं, त्यातही पंखांच्या पुढचं धड ७ फुटांनी कमी केलेलं आहे. परस्परांचे शत्रू असलेले दोन देश एकाच प्रकारच्या कामासाठी जवळपास सारख्या आकारावर आले, हे मला आजही विलक्षण वाटतं. करवत हातात घ्यायची ती हा आकार दाखवण्यासाठी. ज्याला तेवढं कापायचं नाही त्याने इलेक्ट्राच करावं; तेही देखणं विमान आहे.

बोईंग ७०७ या प्रवासी विमानाच्या किटमधून केसी-१३५ टँकर (उडत्या विमानांना इंधन देणारं विमान) करू नका. ७०७ वरून केसी-१३५ आलं हा समजच चुकीचा आहे. केसी-१३५ ऑगस्ट १९५६ मध्ये उडालं, ७०७ डिसेंबर १९५७ मध्ये. १९५४ च्या 'डॅश ८०' या एकाच नमुना विमानाची ती दोन भावंडं. रुंदीत ४ इंचांचा फरक आहे, तो १:१४४ मध्ये पाऊण मिलिमीटरही भरत नाही, सोडून द्या. पण ७०७-३२० चं किट केसी-१३५ पेक्षा सुमारे ३५ मिलिमीटर लांब पडतं. ते किट ई-३ सेंट्रीसाठी, म्हणजे पाठीवर रडारची तबकडी असलेल्या टेहळणी विमानासाठी, वापरा, कारण ई-३ खरोखरच ७०७-३२० वरून घडलेलं आहे.

ई-३ ची तबकडी ९.१ मीटर व्यासाची, आपल्या मापात ६३ मिलिमीटर, आणि ती पुढे किंचित झुकलेली असते. लोक ती ताटासारखी सपाट ठेवतात, आणि खांब नुसते गोंदाने चिकटवतात. मी खांबांतून पितळी तार आरपार धडात घालतो. असा भार विमानाच्या पाठीवर पेलणं किती अवघड आहे ते आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. ॲव्रो या प्रवासी विमानावर डीआरडीओने बसवलेली तबकडी ११ जानेवारी १९९९ रोजी अरक्कोणमजवळ उड्डाणात निखळली आणि आठ जणांचा मृत्यू झाला. पुढे आपलं 'नेत्र' हे रडारचं टेहळणी विमान आलं ते एम्ब्रेअर १४५ वर, पाठीवर तुळईसारखा लांब अँटेना घेऊन. ते करताना नाकावरची इंधन घेण्याची नळी विसरू नका, जवळजवळ सगळेच विसरतात.

बाकी थोडक्यात. निमरॉड या ब्रिटिश सागरी टेहळणी विमानासाठी कॉमेट या प्रवासी विमानाचं किट घेतलंत तर पंखांच्या मुळाशी असलेली इंजिनांची तोंडं मोठी करा, त्यातली इंजिनं वेगळी आणि मोठी आहेत. धड बंद करण्याआधी नाकात शिशाचे छर्रे भरा, नाहीतर विमान शेपटीवर बसेल. खरखरीत मॅट रंगावर थेट डिकॅल लावू नका, खाली हवा अडकून ते चंदेरी दिसतात. आधी ग्लॉस वार्निशचा हात द्या. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर भर पावसात लॅकर फवारू नका, पांढरट धुरकटपणा येतो.

आणि रंगाची छटा संग्रहालयातल्या विमानावरून घेऊ नका. गोव्यात बोगमाळोच्या नौदल संग्रहालयात लॉकहीड सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. ही विमानं एअर इंडियाकडून हवाई दलात गेली, आणि १९७६ मध्ये सागरी टेहळणीचं काम नौदलाकडे आलं तेव्हा नौदलात. मला ते विमान फार प्रिय आहे, तीन उभ्या शेपट्या आणि माशासारखं वळलेलं धड. पण ते उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात उभं असतं, आणि ऊन-पावसात रंग कुठलाच तसा राहत नाही. छटेसाठी सेवेतल्या काळातले फोटो शोधा. तिथे गेलात की वही काढा आणि चाकांची खाचण, दारांच्या कडा, रिव्हेटच्या ओळी यांची रेखाटनं करा. मी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी फक्त पुढच्या चाकाची काढली, आणि सगळ्यात जास्त उपयोग त्याच पानाचा झाला.