महासागर पार करणारी क्रूझ: पहिल्या खेपेची तयारी

बंदरं करत जाणारी क्रूझ आणि महासागर ओलांडणारी क्रूझ यांत मोठा फरक म्हणजे वाटेत बाजार नाही. अटलांटिक ओलांडताना सलग सहा-सात दिवस जमीन दिसत नाही. साउदॅम्प्टन-न्यूयॉर्क अशी सरळ धाव घेणारं ‘क्वीन मेरी २’ हे जहाज साधारण सात रात्री कुठेच थांबत नाही. जहाजावरच्या दुकानात टूथपेस्ट मिळते, सनस्क्रीन मिळतं, दागिनेही मिळतात. तुमची रक्तदाबाची गोळी मिळेलच असं नाही. यादी याच हिशेबाने करायची.

बरीच जहाजं एप्रिल-मे महिन्यांत कॅरिबियनकडून युरोपला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उलट जातात, कारण हंगाम बदलतो आणि जहाज पलीकडे न्यावंच लागतं. अशा फेऱ्या दर रात्रीच्या हिशेबाने बऱ्याचदा स्वस्त पडतात. पण प्रवास एकेरी असतो, म्हणून परतीचं विमान धरूनच खर्च मांडा.

आधी कागदपत्रं. पासपोर्ट प्रवास संपल्यानंतर किमान सहा महिने चालणारा हवा, आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. व्हिसा बघताना फक्त शेवटचं बंदर बघून भागत नाही. अझोर्स आणि मदेरा ही बेटं पोर्तुगालची, म्हणजे शेंगेन क्षेत्रातली (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश). जहाज तिथे थांबून पुढे शेंगेनबाहेरच्या ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टनला आणि मग फ्रान्सला जाणार असेल, तर शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश होतो. एका प्रवेशाचा व्हिसा तिथे अडकवतो. बंदरावर उतरणारच नसलात तरी कंपनी व्हिसा मागू शकते. तो नसेल तर धक्क्यावरूनच परत पाठवतात आणि पैसेही सहसा मिळत नाहीत. विमा घेताना त्यात क्रूझ धरली आहे ना, हे कलम वाचून खात्री करा. जहाजावरच्या डॉक्टरांचं बिल वेगळं लागतं आणि ते तुमच्या खात्यावर लगेच चढतं. भर समुद्रात हेलिकॉप्टर पोहोचत नाही, जहाजालाच वाट बदलावी लागते, म्हणून आजारी माणसाला हलवण्याचा खर्च विम्यात हवाच. गरोदर असाल तर बुकिंगआधीच विचारा: प्रवास संपेपर्यंत चोविसावा आठवडा लागणार असेल तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत.

औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा दहा दिवसांची जास्त, मूळ पाकिटात, आणि सोबत औषधाचं रासायनिक नाव लिहिलेली चिठ्ठी. ही सगळी हातातल्या पिशवीत. धक्क्यावर हमालाकडे दिलेली मोठी बॅग केबिनपर्यंत यायला कधीकधी रात्र होते, तोवर पासपोर्ट, चष्मा, चार्जर आणि एक जोड कपडे जवळच असलेले बरे. इन्सुलिन असेल तर केबिनमधल्या फ्रिजवर विसंबू नका, तो बऱ्याचदा नुसता गार ठेवण्यापुरता असतो. जहाजाकडे आधीच औषधांसाठीचा फ्रिज मागून घ्या. झोपेत श्वासासाठी यंत्र वापरणाऱ्यांनी डिस्टिल्ड पाण्याची सोयही आधी कळवून करायची.

बोट लागण्याची भीती सगळ्यांना असते, आणि तिच्यावरचा पहिला उपाय बुकिंगच्या वेळीच करायचा असतो. जहाज सी-सॉच्या फळीसारखं असतं: टोकं जास्त हलतात, मधला भाग कमी. म्हणून केबिन लांबीच्या मध्यावर आणि खालच्या डेकवर घ्या. वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची बाल्कनीवाली केबिन दिसायला छान, पण वादळात सगळ्यात वाईट. जहाजाच्या कुशीतून पाण्यात बाहेर येणारे पंख, ज्यांना स्टॅबिलायझर म्हणतात, ते डावं-उजवं डोलणं बरंच कमी करतात. पुढचं टोक वर-खाली होणं ते थांबवू शकत नाहीत. गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर फारसा उपयोग नाही, एक-दोन तास आधी घ्यायची. मेक्लिझिन किंवा सिनारिझिनने गुंगी येते, म्हणून घरी एकदा घेऊन बघा. कानामागे लावायचा स्कोपोलामिनचा पॅच किमान चार तास आधी लावतात, तो तीन दिवस चालतो; काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो लावू नये. पॅच हाताळून तोच हात डोळ्याला लावला की बाहुली मोठी होते आणि धूसर दिसतं, म्हणून हात लगेच धुवायचे.

हात धुण्यावरून आठवलं: जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर नीट चालत नाही. बुफेकडे जाताना साबण-पाणीच वापरा.

विजेच्या सामानात बहुतेकांची चूक होते ती सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेला विद्युतदाब अडवणारा भाग) असलेल्या एक्स्टेंशन बोर्डची. जहाजावरच्या वीजयंत्रणेत बऱ्याचदा घरच्यासारखी अर्थिंगला जोडलेली न्यूट्रल तार नसते, दोन्ही तारांत विद्युतदाब असतो. असा बोर्ड तिथे तापून पेट घेऊ शकतो. तपासणीत तो काढून घेतात. हल्ली काही कंपन्या साधा बोर्डही चालू देत नाहीत. इस्त्री, किटली, मेणबत्त्या यांचंही तेच. चालतो तो अनेक तोंडांचा यूएसबी चार्जर. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे चार हुक घ्या; ओले कपडे, टोप्या, कागद सगळं टांगता येतं. आतल्या केबिनला खिडकी नसते, दिवा घालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. सेलवर चालणारा छोटा दिवा आणि गजराचं घड्याळ न्या.

घड्याळाची गंमत वेगळीच. पश्चिमेकडे जाताना अटलांटिकवर चार-पाच रात्री एकेक तास मागे जातो, झोप वाढते. पूर्वेकडे जाताना तेच तास कापले जातात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस पेंगू लागतो. शक्य असेल तर पहिली खेप पश्चिमेकडची घ्यावी. फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करून हाताने वेळ लावा. दिवसातून एकदाची गोळी किती तासांनी घ्यायची, हे डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या. पॅसिफिक पश्चिमेकडे ओलांडत असाल तर वाररेषेवर एक तारीखच गळते, हॉटेलचं बुकिंग त्याप्रमाणे करा.

बंदर सुटण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर तो जहाजावरचा उपग्रहाचा टॉवर पकडतो, आणि नेहमीच्या परदेशी रोमिंग पॅकमध्ये तो सहसा धरलेला नसतो. एअरप्लेन मोडमुळे बँकेचा ओटीपीही येत नाही. हप्ते, बिलं आधी उरकून टाका.

कपडे थोडेच, पण थरांचे. जहाज २० नॉटने चालतं म्हणजे तासाला ३७ किलोमीटर. समोरून तेवढाच वारा आला की डेकवर तासाला ७४ किलोमीटरचा वारा अंगावर येतो. उन्हाळ्यातही वारा अडवणारं जाकीट हवं, छत्री कुचकामी. औपचारिक जेवणाच्या रात्री किती, ते आधी बघा.

जहाज तुमची वाट बघत नाही: आदल्या दिवशी बंदराच्या गावी पोहोचा. चढल्यावर पहिलं काम मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं याची कवायत. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे ठरलेल्या जागी जमायचं. २०१२च्या कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाच्या अपघातानंतर नियम कडक झाले आणि २०१५पासून ही कवायत निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी घ्यावीच लागते. चुकवणाऱ्याला उतरवूही शकतात.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सगळं भरून टाकलं आणि सकाळी घालायला पँट उरली नाही, असा कोणीतरी दर फेरीला निघतोच. उद्याचे कपडे आणि बूट आधी बाजूला काढा, मग बॅग बंद करा. आणि त्या दिवशीचं विमान दुपारनंतरचंच घ्या, कारण इमिग्रेशनची रांग जहाजभर लोकांची असते.