रविवारची उपासना सोमवारी कशी निभवावी

रविवारी सकाळी देवळात उपासना, बाहेर पडताना दारात एकमेकांना सलाम, मग घरी मटण-भात आणि दुपारची झोप. तोवर आपण सगळेच पक्के ख्रिस्ती असतो. पंचाईत सुरू होते ती सोमवारी, नळाला पाणी यायच्या वेळेला.

विश्वासात वाढायचं ठरवलं की बहुतेक जण पहाटे पाचचा गजर लावतात. मीही लावलाय. तिसऱ्या दिवशी गजर बंद आणि चौथ्या दिवसापासून मनाला टोचणी. म्हणून माझा सल्ला जरा उलटा आहे. सुरुवात प्रार्थनेपासून नको, हिशेबापासून करा.

पायरी १: देणी लिहून काढा

एका कागदावर लिहा, आपण कुणाचं काय लागतो. वाण्याची उधारी, भावाकडून घेतलेले पैसे, कामवाल्या मावशींचा पगार. बायबलमधलं लेवीय १९:१३ सांगतं की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये. हे वचन मी कितीदा तरी वाचलं होतं. तरीही एक तारखेला मावशी ओले हात पदराला पुसत दारात थांबल्या, तेव्हा मी म्हणाले, "सुट्टे नाहीत हो, उद्या बघू." तो उद्या सहा तारखेला उजाडला. पैसे मोजून घेताना त्या सहज बोलून गेल्या, "शेजारणीकडून घेतले होते ताई, व्याजानं." त्यांचा आवाज चढला नव्हता, मला मात्र मान वर करवेना. आता तीस तारखेलाच पाकीट भरून फ्रिजवर ठेवते.

जकातदार जक्कयाची गोष्ट आठवा, लूक १९. अन्यायानं घेतलेलं चौपट परत करीन, असं तो म्हणाला आणि त्याच दिवशी त्याच्या घराला तारण, म्हणजे उद्धार, मिळालं. त्याची साक्षसुद्धा पैशाच्या भाषेत होती.

पायरी २: अबोला मोडा

ही पायरी सगळ्यात अवघड. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू म्हणतो, अर्पण वेदीपुढे तसंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. नीट वाचलं तर ध्यानात येतं की तिथे आपल्या रागाबद्दल बोलणंच नाही. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर उठायचं आपण.

करायचं कसं? फोन करा, जमलं तर भेटा. व्हॉट्सॲपवर लांबलचक मजकूर पाठवू नका, तो पुढे कुठे जाईल सांगता येत नाही. "माझं चुकलं" म्हणा आणि तिथेच थांबा. त्यापुढे "पण" आला की माफी गेली आणि भांडण परत आलं. चूक समोरच्याची असेल तर मत्तय १८:१५ पाहा. आधी दोघांतच, एकांतात बोला. चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर "प्रार्थनेचा विषय" म्हणून टाकणं ही निव्वळ चहाडी आहे.

एक मात्र स्पष्ट सांगते. घरात मारहाण किंवा छळ होत असेल तर क्षमा म्हणजे परत जाऊन तेच सोसणं नव्हे. तिथे आधी सुरक्षित जागा गाठा, पोलिसांकडे जा. चर्चच्या पाळकांशी बोलणं त्यानंतरही होईल.

पायरी ३: आता प्रार्थना

खोलीत जा, दार लाव, असं मत्तय ६:६ म्हणतं. दोन खोल्यांत पाच माणसं राहतात तिथे ही खोली आणायची कुठून? जिन्याची पायरी चालते, बसची खिडकीही चालते. माझी जागा कणीक मळायची परात. प्रभूची प्रार्थना मी तिथे एकेक ओळ थांबून म्हणते. "रोजची भाकर" आली की हात आपोआप सावकाश होतात. शब्द सुचेनात तर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं एखादं भजन गुणगुणा, कुकरच्या शिट्टीतही सूर सापडतो.

वाचनाला मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळा अध्याय आहेत, रोज एक वाचला की सोळा दिवसांत संपतो. नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय तारखेप्रमाणे वाचता येतात. झोपताना चौथं स्तोत्र, आठच वचनं. ११९वं सुट्टीसाठी ठेवा, त्याची १७६ आहेत.

पायरी ४: घरच्यांना ओढू नका

टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. टिळक स्वभावानं घाईचे आणि तापट, पण या बाबतीत त्यांनाही थांबावं लागलं. तुमचा कॉलेजातला मुलगा रविवारी अंथरुणातून उठत नसेल, तर त्याच्यावर वचनं फेकू नका. मावशींचं पाकीट फ्रिजवर असतं, ते त्याला दिसतंच.

शेजाऱ्यांशीही तसंच. दिवाळीचं ताट आलं की आनंदानं घ्या, आणि नाताळात करंज्या पाठवायला विसरू नका.

पायरी ५: शनिवारी रात्री पाच मिनिटं

पहिल्या पायरीचा कागद काढा. जे फिटलं त्यावर काट मारा, नवं लागलं ते लिहा. उद्याच्या उपासनेची खरी तयारी हीच, इस्त्रीची साडी नंतर. माझ्या कागदावर गेले तीन महिने एक नाव तसंच आहे. नंबर पाठ आहे.