आर्केड कॅबिनेटचा इंट्रो व्हिडिओ एक्सपोर्ट करण्यापूर्वी

घरी बांधलेल्या आर्केड कॅबिनेटच्या (जुने व्हिडिओ गेम खेळण्याच्या पेटीच्या) इंट्रो व्हिडिओची, म्हणजे ते सुरू होताना दिसणाऱ्या चित्रफितीची, तयारी पडद्यापासून सुरू करावी. एडिटिंगला हात घालण्याआधी मॉनिटरचे मूळ रिझोल्यूशन पाहून लिहून ठेवावे. जुना १९ इंची एलसीडी बहुधा १२८० बाय १०२४ चा, म्हणजे ५:४ चा असतो. त्याला ४:३ समजून केलेले चित्र एकतर उभे ताणले जाते, नाहीतर वर आणि खाली ३२-३२ पिक्सेलांच्या काळ्या पट्ट्या सोडते. पडद्याभोवतीची चौकट कडा झाकते, म्हणून नाव आणि अक्षरे चारही बाजूंनी थोडी आत घ्यावीत.

यानंतर पिक्सेल फॉरमॅट, म्हणजे पिक्सेलांचे रंग फाइलमध्ये साठवण्याची पद्धत. तो ८ बिट, ४:२:० (रंगांची माहिती घटवलेला) असा, म्हणजे वाययूव्ही ४२० पी (yuv420p), स्वतः निवडावा. आपोआप होईल यावर विसंबू नये. मागच्या खेपेला नेमके एवढेच राहिले होते आणि कॅबिनेट सुरू केल्यावर संगीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजले, पडदा मात्र काळाच राहिला. कारण समजून घेण्यासारखे आहे. शीर्षकाचे ॲनिमेशन पीएनजी चित्रांच्या मालिकेतून केलेले असेल आणि एफएफएमपेग या व्हिडिओ बनवणाऱ्या प्रोग्रामला फॉरमॅट सांगितला नसेल, तर तो रंगांची माहिती न घटवता ४:४:४ ची एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) फाइल बनवतो. अशी फाइल कॅबिनेट चालवणाऱ्या रास्पबेरी पाय ३ किंवा ४ या छोट्या बोर्डाच्या हार्डवेअर डिकोडरला (व्हिडिओ उलगडणाऱ्या चिपला) उलगडता येत नाही. तीच फाइल संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये विनातक्रार चालते, कारण तिथे ते काम सॉफ्टवेअर करते. त्यामुळे संगणकावर व्हिडिओ नीट दिसला, हा कसलाही पुरावा नव्हे. एफएफएमपेगच्या आज्ञेत पिक्स-एफएमटी (-pix_fmt) हा पर्याय प्रत्येक वेळी लिहावा. ४:२:० मध्ये रुंदी आणि उंची दोन्ही सम संख्या लागतात. विषम आकडा दिला तर एन्कोडर काम नाकारतो.

कोडेक (दाबण्याची पद्धत) एच.२६४ च ठेवावा. पाय ४ मध्ये एच.२६५ साठी वेगळी सोय आहे आणि पाय ५ मध्ये तर एच.२६४ चा हार्डवेअर डिकोडरच काढून टाकलेला आहे, तरी पाय ५ चा प्रोसेसर या आकाराची फाइल सहज पेलतो. शिवाय पुढे बोर्ड बदलला तरी व्हिडिओ पुन्हा करावा लागत नाही.

फ्रेम रेटच्या बाबतीत मात्र घाई नको. इंट्रोमध्ये खेळाची प्रत्यक्ष दृश्ये असतील तर सेकंदाला ६० फ्रेमच घ्याव्यात. जुन्या खेळांत एखादी वस्तू लुकलुकती दाखवायला ती एक फ्रेम सोडून एक काढत असत. ३० वर उतरवताना नेमकी तीच फ्रेम गळाली तर ती वस्तू पूर्ण नाहीशी होते, नाहीतर लुकलुकणे थांबून ती स्थिर दिसते. पाय ३ ची जाहीर मर्यादा १०८० पी ला ३० फ्रेमची आहे, आणि १२८० बाय १०२४ ला ६० फ्रेम मागितल्या की ती ओलांडली जाते. अशा वेळी चित्राचा आकार लहान करावा, फ्रेम कमी करू नयेत. स्क्रीन रेकॉर्डिंगचा फ्रेम रेट बदलता असेल तर तो आधी स्थिर करून घ्यावा, नाहीतर आवाज आणि चित्र यांची फारकत होते.

खेळाचे चित्र मोठे करताना पूर्णांकी पटच वापरावी आणि कडा गुळगुळीत करणारा पर्याय बंद ठेवावा. १९८० च्या पॅक-मॅनचे उभे चित्र २२४ बाय २८८ चे आहे. चौपट केल्यास ते ८९६ बाय ११५२ होते आणि उभ्या बसवलेल्या १०२४ बाय १२८० च्या पडद्यात पूर्ण मावते. पट सम असावी, यालाही कारण आहे: ४:२:० मध्ये दोन बाय दोन पिक्सेलांना मिळून एकच रंग साठवला जातो, त्यामुळे दुप्पट किंवा चौपट केलेल्या चित्राच्या रंगीत कडा पुष्कळ स्वच्छ राहतात, तर तिप्पट केलेल्या चित्रात लाल-निळ्या बारीक रेषा फिसकटतात. म्हणजे इथेही पिक्सेल फॉरमॅट आधी ठरलेला हवा, आणि तो वाययूव्ही ४२० पी.

उभ्या पडद्यावर मेनू फिरला म्हणून व्हिडिओही फिरेल असे धरू नये. फिरवल्याची नुसती खूण फाइलमध्ये ठेवली तर काही प्लेअर तिच्याकडे पाहतही नाहीत. फ्रेमच फिरवून घ्याव्यात.

आवाज एएसी, स्टीरिओ, ४८ किलोहर्ट्झ. एचडीएमआयवर सुरुवातीचा आवाज गिळला जातो, म्हणून आरंभी सेकंदभर शांतता आणि काळा पडदा ठेवावा. पातळी खेळांच्या आवाजाशी जुळवावी. काळा रंग राखाडी दिसला तर १६ ते २३५ आणि ० ते २५५ यांतील रंगकक्षेची गल्लत तपासावी. लांबी दहा-बारा सेकंद पुरे.

फाइल रेट्रोपाय या खेळ चालवणाऱ्या प्रणालीच्या स्प्लॅशस्क्रीनच्या (सुरुवातीच्या पडद्याच्या) फोल्डरमध्ये टाकून मेनूतून निवडावी, वीज बंद करून कॅबिनेट नव्याने सुरू करावे आणि तिथेच पाहावे. काहीही बदलून पुन्हा एक्सपोर्ट केले, अगदी एक अक्षर जरी बदलले, तरी एफएफप्रोब हा फाइलची माहिती दाखवणारा प्रोग्राम चालवून व्हिडिओच्या ओळीत वाययूव्ही ४२० पी (yuv420p) आहे की नाही ते वाचावे आणि मगच फाइल पायच्या मेमरी कार्डावर चढवावी.