किडनीच्या पेशंटची हाडं : कॅल्शियमची बाटली उघडायच्या आधी हे बघा

आईचं डायलिसिस सुरू होऊन दीडेक वर्ष झालं असेल, एक दिवस ओट्याखालून कणकेचा डबा काढायला वाकली आणि वळताना पाठीत कट्कन आवाज आला. पडली नाही, कुठे आपटली नाही, नुसती वळली. एक्सरेत मणका दबलेला निघाला. मग घरात जो तो डॉक्टर, कॅल्शियम कमी पडलंय हो, दूध द्या, नाचणी द्या, मावशी तर येतानाच मेडिकलमधून कॅल्शियम-डी थ्रीची बाटली घेऊन आली. ती बाटली नेफ्रोलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, दाखवली तर ते म्हणाले, आधी पीटीएच बघू, तोवर ही कपाटात ठेवा.

तर सगळ्यात आधी हे समजून घ्या की किडनीच्या पेशंटची हाडं ठिसूळ होतात ती बहुतेक वेळा खाण्यातून कॅल्शियम कमी गेलं म्हणून नाही. किडनी जास्तीचा फॉस्फरस लघवीतून बाहेर टाकते आणि व्हिटॅमिन डीला कामाचं रूप देते, ही दोन्ही कामं ढेपाळली की फॉस्फरस साचतो, कॅल्शियम उतरतं, आणि गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात त्या पीटीएच नावाचं हार्मोन सोडत सुटतात. ते हाडातलं कॅल्शियम काढून रक्तात आणतं. किराण्यासाठी दर महिन्याला एफडी मोडायची तसलाच प्रकार. त्यात वरून आपल्या मनाने गोळ्या दिल्या तर ते कॅल्शियम हाडात जाईलच असं नाही, रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या झडपांवर जाऊन बसू शकतं.

आणि गंमत म्हणजे याच्या अगदी उलटही होतं. काहींचं पीटीएच फारच खाली जातं, बरेचदा कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीचा मारा जास्त झाल्यामुळेच, मग हाड झोपूनच जातं, जुनं काढलं जात नाही नवं बनत नाही. दोन्हीत हाड मोडतं पण उपाय उलटे आहेत, म्हणून रिपोर्ट न बघता शेजारच्या काकांना लागू पडलेली गोळी आपल्याकडे आणायची नाही.

एक साधी वही करा. कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडाची घडमोड किती चाललीय ते सांगणारी रक्ततपासणी), तारखेसकट. डायलिसिसवाल्यांचं कॅल्शियम-फॉस्फरस साधारण 1 ते 3 महिन्यांनी आणि पीटीएच 3 ते 6 महिन्यांनी बघतात, डायलिसिस नसेल तरी किडनीच्या आजाराच्या तिसऱ्या स्टेजपासून हे सुरू व्हायला हवं, तुमच्या डॉक्टरांनी कधी लिहून दिलं नसेल तर विचारा सरळ. रिपोर्टवर पीटीएच लाल अक्षरात आलं की घाबरू नका, डायलिसिसवर असताना लॅबच्या वरच्या मर्यादेच्या 2 ते 9 पट चालतं, म्हणजे मर्यादा 65 असेल तर साधारण 130 ते 585. एका आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय ते महत्त्वाचं, आणि त्यासाठी लॅब दर वेळी तीच ठेवा कारण तपासणीचं किट बदललं की पीटीएचचा आकडाही बदलतो. डेक्सा स्कॅन (हाडाची घनता मोजणारा) सांगितला तर करून घ्या, फक्त फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी नस जोडलेल्या, हाताचं मनगट नको, दुसऱ्या हाताचं करा म्हणावं.

आता फॉस्फरस अडवणारी गोळी, म्हणजे सेव्हेलामर किंवा कॅल्शियम ॲसिटेट वगैरे. इथे आमची सहा महिने चूक होत होती. आई सगळ्या गोळ्या एकदम, जेवण झाल्यावर टीव्ही बघता बघता तासाभराने घ्यायची. ही गोळी पोटातल्या अन्नातला फॉस्फरस पकडते, अन्न पुढे गेल्यावर ती पकडणार काय? जेवताना घ्यायची, ताटात बसल्यावर. आम्ही तिची वेगळी डबी करून मिठाच्या बाजूला ठेवली. आणि उपास असेल, नुसता चहा घेतला असेल तर ती घ्यायची का ते विचारून घ्या.

खाण्यात सगळे फॉस्फरसचा दोष डाळी-कडधान्यांनाच देतात, पण त्यातला फॉस्फरस आपल्या पोटात अर्धामुर्धाच शोषला जातो. पाकिटातल्या वस्तूंमध्ये वरून घातलेलं फॉस्फेट मात्र जवळपास सगळंच अंगात जातं. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा, आकडे शोधा : 338 ते 341 आणि 450 ते 452. काळ्या कोल्ड्रिंकमध्ये 338, चीज स्लाइसमध्ये 339 किंवा 452, रेडिमेड केकमध्ये 450. बिस्किटांवर 500 आणि 503 दिसतं ते फॉस्फेट नाही, त्यामुळे चहाबरोबरची दोन बिस्किटं बंद करून आईचं तोंड पाडण्यात अर्थ नव्हता हे मला उशिरा कळलं. डाळ बंद करू नका, डायलिसिसवर प्रोटीन लागतंच, भिजवून, जास्त पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्या, पोटॅशियमही उतरतं. दूध आणि नाचणी दोन्हीत कॅल्शियमबरोबर फॉस्फरसही असतो, किती चालेल ते डाएटिशियनना वहीतले आकडे दाखवून ठरवा.

घरातल्या औषधांच्या डब्यातही एकदा हात घाला. ॲसिडिटीची पातळ औषधं असतात त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत ॲल्युमिनियम असतं, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि ते हाडात साठतं. शंखभस्म, प्रवाळ हे शेवटी कॅल्शियमच. हाडं दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन गिळू नका, उरलीसुरली किडनीही जाते. व्हिटॅमिन डीचं 60,000 चं पाऊच आणि कॅल्सिट्रिऑल (व्हिटॅमिन डीचं ते कामाचं रूप) ही एकच वस्तू नाही, एक आहे म्हणून दुसरं बंद असं घरी ठरवायचं नाही.

हाडांच्या इंजेक्शनबद्दल जरा थांबून वाचा. ऑर्थोपेडिककडे गेलात की वर्षातून एकदा घ्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड सुचवतात, पण जीएफआर (किडनी किती गाळते त्याचा आकडा) 35 च्या खाली असेल तर ते देत नाहीत. सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅब किडनीवर अवलंबून नसतं म्हणून सोपं वाटतं, पण डायलिसिसच्या पेशंटमध्ये त्याने कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने (एफडीए) जानेवारी 2024 मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. शिवाय ते मध्येच सोडलं तर मणके मोडण्याचा धोका वाढतो. ते द्यायचं की नाही हे ऑर्थो आणि नेफ्रो दोघांनी एकमेकांशी बोलून ठरवू दे, तुम्ही फक्त एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवल्याशिवाय सुई टोचून घेऊ नका.

बाकी अर्धी लढाई पडू न देण्याची. डायलिसिसहून आलं की बीपी उतरलेलं असतं, पाय कापतात, त्या दिवशी रिक्षातून उतरण्यापासून पलंगापर्यंत कोणीतरी सोबत हवं, आणि उठताना आधी दोन मिनिटं बसायचं मग उभं राहायचं. बाथरूममध्ये दांडी, बाहेर रबरी पायपुसणं (गोधडीच्या तुकड्याचं सरकतं, आमचं ते पहिल्यांदा गेलं), रात्री वाटेवर झिरो बल्ब, डबे कमरेच्या उंचीवर. रोज थोडं चालणं आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता पाच-सात वेळा उठणं-बसणं, जमेल तेवढं, पाठ मोडलेली असेल तर आधी विचारून.

आणि पडलेच तर, चालता येतंय म्हणून घरी बसू नका. जांघेत दुखत असेल तर खुब्याचा एक्सरे काढा. डायलिसिसच्या दिवशी डोकं आपटलं असेल तर त्या दिवशी अंगात बहुतेक वेळा हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, गेलेलं असतं, टेंगूळ नसलं तरी तडक दवाखान्यात, आणि तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य हेच सांगायचं, की आज डायलिसिस झालंय.